आमची पुतणी काय करते?

घरीं पाहुणे आले, चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी संपल्या, कीं एक प्रश्न हटकून निघतो : "आपल्या धाकट्या बंधूंची कन्या हल्लीं काय करते?" गेलीं दहा-अकरा वर्षें ह्या प्रश्नास आम्ही एकच उत्तर देत आलों : "ती संगणकाच्या कामांत आहे." हें उत्तर खोटें नव्हतें, पण खरेंहि नव्हतें. धर्मराजानें रणांगणावर अश्वत्थाम्याविषयीं जें सांगितलें, त्याच जातीचें तें होतें. जन्मभर मुलांना तो प्रसंग शिकविणाऱ्या माणसानें असें उत्तर द्यावें, ह्याची आतां लाज वाटते. खरें उत्तर असें कीं, आमची पुतणी संगणकावर खेळावयाचे खेळ तयार करणाऱ्या कंपनींत 'टेक्निकल ॲनिमेटर' आहे. हें सांगण्यास आम्ही कां कचरत होतों, आणि आतां कां कचरत नाहीं, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

कचरण्याचें कारण उघड होतें. आमच्या पिढीस खेळ म्हणजे अभ्यास आटोपल्यावरची गोष्ट. मुलगी इंजिनिअर झाली, एका बँकेच्या संगणकखात्यांत चांगली नोकरी लागली, आणि वर्षभरांत ती सोडून ती पुण्यास खेळांच्या कंपनींत गेली! त्या रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्व वडील माणसें माजघरांत बसलीं. आम्ही घरांत वडील, म्हणून बोलण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं विचारलें, "बाळ, एवढी विद्या शिकून शेवटीं पोरांचे खेळच करावयाचे?" ती म्हणाली, "अण्णा, खेळ पोरांचा असेल. पण काम पोरखेळ नाहीं." उत्तर चलाख होतें, एवढेंच त्या वेळीं आम्हांस वाटलें.

तिच्या ह्या वेडाचें बीज तिच्या लहानपणींच पडलें होतें. ती आठ-नऊ वर्षांची असतां घरांत पहिला संगणक आला, आणि त्यावर कोणीतरी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नांवाचा एक जुना खेळ घालून दिला. जॉर्डन मेक्नर ह्या अमेरिकन तरुणानें रचलेला हा खेळ १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील राजपुत्र तळघरांतून धांवतो, खंदक ओलांडतो, कड्यास लोंबकळतो. इतर मुलें तो खेळ जिंकण्यासाठीं खेळत. ही मात्र राजपुत्रास उगीचच पळवी, थांबवी, पुन्हां पळवी. "अण्णा, हा थांबतांना घसरतो. खरा मुलगा असाच घसरतो." तिचें म्हणणें खरें होतें. मेक्नरनें आपल्या धाकट्या भावास धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें होतें, आणि त्या चित्रणावरून एकएक आकृति उतरून घेतली होती. तो राजपुत्र म्हणजे एका खऱ्या मुलाचें धांवणें होतें. हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. तिला न सांगतां कळलें होतें.

तिचें प्रत्यक्ष काम आम्हांस पाहावयास मिळालें तें २०२० सालीं. महामारीमुळें सर्व व्यवहार बंद पडले, आणि ती कंपनीचा संगणक घेऊन गांवीं आली. माडीवर तिचें कार्यालय थाटलें. आम्हांसहि वेळ जाईना. म्हणून दुपारीं आम्ही तिच्या खुर्चीमागें एक स्टूल घेऊन बसूं लागलों. प्रथम तिला संकोच वाटला. पुढें ती आम्हांस काम समजावून सांगूं लागली. शिकविणारा शिकूं लागला, म्हणजे तो फार प्रश्न विचारतो, असा तिला त्या वर्षीं चांगलाच अनुभव आला.

आमचा समज असा होता कीं, ॲनिमेटर म्हणजे चित्रें हालविणारा, आणि ती तेंच करीत असेल. तसें नाहीं. पात्राचें रूप घडविणारे कलावंत निराळे. त्याला हालचाल देणारे निराळे. आणि खेळाचें यंत्र चालविणारे प्रोग्रामर आणखी निराळे. ह्या सर्वांच्या मधोमध आमची पुतणी. कलावंतानें घडविलेलें पात्र म्हणजे हजारों बिंदूंचें एक पोकळ कवच असतें. त्याच्या आंत हाडांचा सांगाडा बसवावयाचा, सांधे जेथल्या तेथें ठेवावयाचे, आणि प्रत्येक बिंदूनें कोणत्या हाडाचें किती ऐकावयाचें तें ठरवावयाचें. कोपरापाशीं असलेल्या बिंदूवर निम्मा अधिकार दंडाचा, निम्मा पुढच्या हाताचा. वाटे कसेहि पाडा, बेरीज एकच आली पाहिजे. एका बिंदूवर पुष्कळदां चारांहून अधिक हाडांचा अधिकार ठेवीत नाहींत. नाहींतर यंत्रावर हिशेबाचा बोजा पडतो. एकत्र कुटुंबांत जन्म काढलेल्या माणसास ही व्यवस्था फारशी समजावून सांगावी लागली नाहीं. त्यानंतर ह्या सांगाड्यास बाहेरून हालवितां येतील अशा कळा जोडावयाच्या, म्हणजे हालचाल देणाऱ्या कलावंतास शंभर हाडें हातांत धरून बसावें लागूं नये. ह्या सर्व रचनेस त्या धंद्यांत 'रिग' म्हणतात. कळसूत्री बाहुली खेळवितो तो एक, आणि तिचीं सूत्रें ओंवतो तो दुसरा. आमची पुतणी दुसऱ्या प्रकारांतली.

एके दिवशीं ती एका सैनिकाच्या मनगटाशीं झगडत होती. सैनिकानें तळहात उपडा केला कीं मनगट पिळवटून गोळीच्या कागदाच्या टोंकासारखें बारीक होई. आम्हीं कारण विचारलें. ती म्हणाली, "अण्णा, स्वतःचा हात पुढें करा आणि तळवा वळवा. काय वळतें?" आम्हीं वळवून पाहिला. सत्तरीकडे झुकलों, पण आपलें मनगट जवळजवळ वळतच नाहीं, सबंध पुढचा हात वळतो, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें! कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडें असतात. तळहात उपडा करतांना त्यांपैकीं एक दुसऱ्यावरून आडवें जातें, आणि पीळ सगळ्या हातभर वांटला जातो. संगणकांतल्या सांगाड्यास तेथें एकच हाड; म्हणून सर्व पीळ एकाच ठिकाणीं सांचतो. तिनें पुढच्या हातांत आणखी तीन लहान हाडें घातलीं : एकानें पाव पीळ घ्यावयाचा, दुसऱ्यानें अर्धा, तिसऱ्यानें पाऊण. मनगट भरून आलें. "आतां हें कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं," ती आनंदानें म्हणाली. कोणाच्या लक्षांत येणार नाहीं ह्याचा आनंद! आम्हांस तें विलक्षण वाटलें.

त्याच श्रावणांत तिनें आमच्याकडून एक काम करवून घेतलें. तिच्या खेळांत एक म्हातारा पुजारी देवळाच्या पायऱ्या उतरून येतो. तिनें भ्रमणध्वनि हातांत घेऊन आम्हांस माडीचा जिना दहा वेळां उतरावयास लावला. आमचा उजवा गुडघा दुखरा. तो पाय आधीं खालच्या पायरीवर टेकावयाचा, मग डावा त्याच पायरीवर आणावयाचा, आणि सर्व भार कठड्यावर. आम्हीं म्हटलें, "बाळ, एखादा धडधाकट म्हातारा पाहा." ती म्हणाली, "मला हाच पाहिजे."

पायऱ्या उतरणें हें त्या शास्त्रांत मोठें कठीण प्रकरण आहे. साध्या रीतीनें हालचाल कमरेपासून खालीं मोजीत जातात : मांडी इतकी वळली, पोटरी इतकी वळली, मग पाऊल पडेल तेथें पडेल. सपाट मैदानावर हें एकवेळ खपतें. पायऱ्यांवर पाऊल दगडांत रुततें किंवा हवेंत तरंगतें. म्हणून हिशेब उलट्या टोंकाकडून मांडतात : पाऊल पायरीवर टेकलेलें आहे, कंबर अमुक ठिकाणीं आहे, तर गुडघा किती वांकेल? मांडीची लांबी ठाऊक, पोटरीची ठाऊक, कमरेपासून घोट्यापर्यंतचें अंतर ठाऊक. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू कळल्या कीं कोन आपोआप ठरतात, एवढी भूमिति मॅट्रिकच्या परीक्षेपुरती आम्हींहि केली होती! मात्र एक गोष्ट तो त्रिकोण सांगत नाहीं, ती म्हणजे गुडघ्याचें तोंड कोणीकडे. त्यासाठीं गुडघ्यासमोर एक अदृश्य खूण ठेवावी लागते. ती चुकली तर पुजारी बगळ्यासारखा पाय मागें मोडूं लागतो. तिनें एकदां मुद्दाम तसें करून दाखविलें, तेव्हां खालून आमची भावजय "काय झालें?" म्हणून धांवत वर आली, इतके आम्ही दोघे हंसलों.

परंतु आमचें मन खरोखर जिंकलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. पुजाऱ्यानें घंटा वाजविण्यास हात डोक्यावर नेला कीं त्याचा खांदा आंत कोसळे. बिंदूंचे वाटे कसेहि बदलले तरी एकीकडे नीट होई, तर दुसरीकडे बिघडे. तेव्हां तिनें एक खास नियम लिहिला : हात अमुक अंशांच्या वर गेला, तर आणि तरच, खांद्याची आकृति अशी भरून यावी. आम्ही स्टुलावरून जवळजवळ उठलोंच. हा तर उत्सर्ग आणि अपवाद! इ-पुढें निराळा स्वर आला कीं इ-चा य होतो, म्हणून 'प्रत्येक'. परंतु पुढेंहि इ-च आली तर दोन्ही मिळून दीर्घ ई होते, म्हणून 'कवींद्र'. आधीं सामान्य नियम, मग त्यास बाध आणणारा विशेष नियम : पाणिनीच्या सुमारें चार हजार सूत्रांची रचना ह्याच तत्त्वावर उभी आहे. आम्ही सारा जन्म मुलांना संधि शिकविले. आणि शरीराच्या सांध्यासहि संस्कृतांत संधि हाच शब्द आहे. तिच्या आणि आमच्या व्यवसायांत एका शब्दाचेंहि अंतर नव्हतें! भाषा शुद्ध बोलली गेली तर व्याकरण दिसत नाहीं. चुकली तरच दिसतें. तिच्या कामाचेंहि तसेंच.

शिवाय तिला घाईहि केवढी! ह्या खेळांत दर सेकंदास साठ चित्रें दाखवावयाचीं असतील, तर एका चित्रास सोळा मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो; आणि तेवढ्यांत प्रकाश, आवाज, शत्रूची बुद्धि, सर्वांनीं आपापलें उरकावयाचें. खेळणारा पळतां पळतां मध्येंच वळेल, कीं उडी मारील, हें आधीं ठाऊक नसतें. सिनेमांतील हालचाल एकदां ठरली कीं ठरली. येथें ती दर क्षणीं नव्यानें सांधावी लागते. म्हणून नाटकापेक्षां हें कीर्तनासारखें आहे; श्रोता कोठें काय विचारील ह्याचा नेम नाहीं. हें सर्व सुरळीत चालावें, आणि कलावंतांस तीच तीच कामें हातानें करावीं लागूं नयेत, म्हणून ती पायथॉन नांवाच्या भाषेंत लहान लहान साधनेंहि लिहून ठेवी.

इतकें सारें पाहून, समजून, आम्हीं पुढें जें केलें तें सांगण्यास लेखणी अडते. २०२२ च्या मार्गशीर्षांत तिला एक स्थळ आलें. मंडळी सुशिक्षित, घरंदाज. मुलाच्या वडिलांनीं ओघानें विचारलें, "मुलगी खेळांच्या कंपनींत आहे म्हणे?" आणि आमच्या तोंडून उत्तर गेलें, "तें तात्पुरतें आहे हो! लौकरच एखाद्या चांगल्या ठिकाणीं जाईल." बोलतां बोलतां मान वळविली, तों ती पोह्यांच्या बशा घेऊन उंबऱ्याशीं उभी! तिनें बशा ठेविल्या, वडील मंडळींस नमस्कार केला, आणि ती आंत गेली. तें स्थळ पुढें निराळ्याच कारणानें फिसकटलें. परंतु तिच्या खुर्चीमागें बसून शिकलेलें सर्व आम्हीं एका क्षणांत नाकारलें होतें. अडाण्यानें तें वाक्य उच्चारलें असतें तर क्षम्य होतें. आम्ही आतां अडाणी राहिलों नव्हतों. ती त्याविषयीं एक शब्दहि बोलली नाहीं. आम्हीहि बोललों नाहीं.

पुढच्या वर्षीं दिवाळीनंतर ती अवचित घरीं आली. बरोबर दोन मोठ्या पेट्या होत्या. महामारीच्या काळांत लोक घरांत कोंडले गेले, तेव्हां खेळांचा खप वाढला आणि कंपन्यांनीं भराभर माणसें घेतलीं. पुढें तो पूर ओसरला, पैसा महाग झाला, आणि २०२३ व २०२४ ह्या दोन सालांत जगभर ह्या धंद्यांतील हजारों माणसांच्या नोकऱ्या गेल्या. तिच्या कंपनीस काम देणाऱ्या परदेशी मंडळीनें तो पुजाऱ्याचा खेळ अर्ध्यावर सोडून दिला, आणि त्याबरोबर तिचा सर्व गट सुटला. खेळ बाजारांत येणारच नव्हता. तीन वर्षांहून अधिक काळाचें काम कोणीहि पाहणार नव्हतें.

संध्याकाळीं ती ओटीवर आमच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती म्हणाली, "अण्णा, तुमचें चालणें गेलें." तेव्हां कोठें आम्हांस कळलें कीं तिनें तें किती जपलें होतें. आम्हीं म्हटलें, "चालणें येथेंच आहे, जिनाहि येथेंच आहे. पुन्हां कर." ती म्हणाली, "तें काम मला कोणास दाखवितांहि येत नाहीं. करारानें तें कंपनीचें. नवीन ठिकाणीं विचारतात, काय केलेंत तें दाखवा. आणि माझ्याजवळ दाखवायला कांहीं नाहीं."

ह्यावर कोणतें सांत्वन करावें? आम्हांस तिनेंच पूर्वीं सांगितलेली एक गोष्ट आठवली. डब्लिनच्या हॅमिल्टन नांवाच्या गणितज्ञास १८४३ सालीं एका पुलाजवळून जातांना वळणाचें गणित करण्याची एक नवी रीत सुचली, आणि त्यानें तें समीकरण पुलाच्या दगडावर कोरून ठेविलें. संगणकांतील हाडें तीन अक्षांच्या कोनांनीं वळविलीं तर कधीं कधीं दोन अक्ष एकावर एक येऊन हालचाल अडते. त्यावर उपाय म्हणून हॅमिल्टनचीच रीत १९८५ सालीं केन शूमेक ह्यानें ह्या क्षेत्रांतील लोकांपुढें मांडली. आम्ही ही गोष्ट सांगूं लागलों, आणि मध्येंच थांबलों. दीडशें वर्षांनंतरच्या कीर्तीनें आजचें दुःख कमी होत नाहीं, आणि तें बोलण्याचा अधिकारहि आम्हांस नव्हता. आधीं देणें फेडावयाचें होतें. आम्हीं म्हटलें, "बाळ, मागल्या वर्षीं पाहुण्यांपुढें आम्ही जें बोललों तें चुकीचें होतें. चांगल्या ठिकाणींच तूं होतीस."

"ऐकलें होतें मीं," ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलें. नोकरी गेल्याचें तें नव्हतें, हें आम्हांस समजलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती भ्रमणध्वनि घेऊन जिन्याखालीं उभी राहिली. "अण्णा, उतरतां ना? हें माझें स्वतःचें काम, कंपनीचें नव्हे." आम्हीं उतरून दाखविलें. "गुडघा पूर्वींपेक्षां बिघडला आहे," ती म्हणाली. आम्हीं म्हटलें, "मग तुझें काम अधिक अवघड झालें, दाखवावयास बरें." चार महिने माडीवर बसून तिनें एक म्हातारा घडविला : त्याचें मनगट, त्याचा खांदा, त्याचा पायऱ्या उतरतांना थरथरणारा गुडघा. तेवढ्या एका म्हाताऱ्याच्या बळावर २०२४ च्या उन्हाळ्यांत तिला दुसऱ्या कंपनींत काम लागलें. ती नोकरी किती वर्षें टिकेल, कोण जाणे! मनुष्याच्या हालचाली आतां यंत्रेंच शिकूं लागलीं आहेत, आणि तिच्या बोलण्यांत त्याचीहि धास्ती कधीं कधीं डोकावते. परंतु कामाची किंमत त्याच्या टिकाऊपणावर ठरवावयाची, तर आम्हीं शिकविलेले संधि किती विद्यार्थ्यांच्या ध्यानांत राहिले असतील?

गेल्या महिन्यांत आमचे एक जुने सहकारी सहकुटुंब आले होते. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, आणि ठरलेला प्रश्न आला. आम्हीं सांगितलें, "आमची पुतणी खेळांच्या कंपनींत टेक्निकल ॲनिमेटर आहे."

"म्हणजे नक्की काय करते?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं त्यांस म्हटलें, "आपला उजवा हात जरा पुढें करा, आणि तळवा वळवून पाहा."